डावी बाही

रविवारी रात्री नऊला लागला तो सिनेमा टीव्हीवर,
मधे मधे पित्ताच्या गोळ्यांच्या जाहिराती.
मी खिचडीची वाटी घेऊन बसले,
चष्मा लांबचा, कारण मला कपडे बघायचे होते.

सिनेमात ते दोघं स्टुडिओच्या कॉरिडॉरमध्ये भांडतात,
कॉलर धरतात एकमेकांची.
कॉलर मीच बसवलेली, म्हणून सांगते,
अशी धरली तर मानेमागची टीप आधी जाते.
गेली नाही. म्हणजे नाटकच.

खरं तर हॅल्टन आणि टीग
कधी समोरासमोर आलेच नाहीत त्या वर्षात.
यायचे ते माझ्याकडे, बरबँकला, मॅग्नोलिया बुलेव्हार्डवर,
एक मंगळवारी, एक गुरुवारी.
म्हातारा उठणार होता आणि खुर्ची एकच,
रात्री साडेअकराची,
अर्धा देश दिवा मालवायच्या आधी जिच्याकडे बघून हसतो.
दोघंही, कमरेभोवती टेप असताना,
छताकडे बघत विचारायचे,
सहज, हवापाणी विचारावं तसं:
त्याची कंबर किती झाली हो आता?
मी दोघांनाही दोन इंच वाढवून सांगायची.
दोघंही खूश होऊन जायचे.
धंद्यात एवढं चालतं.

मागच्या वर्षी लेखक आले, दोन पोरगेले,
म्हणाले, तुम्ही पडद्यामागचं काही पाहिलंत का?
मी म्हटलं, मला फक्त मापं माहीत.
वहीतली दोन पानं उतरवून दिली:
छाती, खांदा, पाठ, बाही.
सूट शिवायचं कामही मलाच मिळालं.

पडदा माझ्या दुकानातही आहे. खाकी, एका कडीला अडकणारा.
त्या बुधवारी टीग आला, वार चुकवून,
पँट ढिली झाली म्हणाला, आत घ्या.
आत पाच सूट टांगलेले, कच्च्या टाक्यांत,
चॅनेलने सोमवारसाठी टाकलेले,
निकाल जाहीर व्हायच्या नऊ दिवस आधी.
मी विसरले.
की विसरले नव्हते?
हा एक टाका मी अजून उसवून बघते.

तो पडद्याआड गेला आणि बराच वेळ आला नाही.
कडी नुसती हलत होती.
चिठ्ठीवर नाव होतं, माप होतं,
अक्षर माझंच.
बाहेर आला तेव्हा पँट तीच होती अंगात.
म्हणाला, कापड चांगलं आहे.
मग म्हणाला, मिसेस काळसेकर,
इथे चौतीस लिहिलंय.
तुम्ही तर मला छत्तीस सांगत होतात.
आणि हसला.
कॅमेऱ्यासमोर कधी हसला नव्हता तसा,
खांदे न हलवता.
शिलाईचे पैसे देऊन गेला, न केलेल्या कामाचे.

सिनेमात त्याला वकिलाचा फोन येतो.
ग्लास भिंतीवर फुटतो.
नट चांगला आहे, डोळ्यांत पाणी वेळेवर येतं.
मी बाहीकडे बघत होते.

टीगचा डावा हात अर्ध्या इंचाने आखूड,
लहानपणी नेब्रास्कात गवताच्या माळ्यावरून पडलेला.
टीव्हीवर कुणाला दिसला नाही,
कारण बाही मी तशी बेतायची.
नटाचे हात सारखे.
मी तरी टीगच्या मापानेच कापलं.
दोन तास तो बिचारा डाव्या मनगटाकडे बाही ओढत राहिला.

सकाळी पेपरात आलं:
पराभवाची अस्वस्थता त्याने
केवळ मनगटातून काय सुंदर दाखवली आहे.
टीगने आयुष्यात बाही ओढली नाही.

कुठे राहतो तो आता, मला माहीत नाही.
पेपर मी कातरला, सरळ, कात्री मोठी असली तरी,
आणि त्याच्या मापाच्या पानात ठेवला.
मग दुकान उघडलं.
एक लग्नाचा कोट होता सकाळी,
मुलगा सारखा विचारत होता, मी जाड दिसतो का.